मलिक अंबर: हबशातून आलेला दख्खनी

जळगाव जिल्हा संपतो, फर्दापूर मागे पडतं आणि औरंगाबादची गाडी (सरकारी पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर) अजिंठ्याचा घाट चढायला लागते. खाली केळी-कापसाचा खानदेश, वर मराठवाडा. आज आपण या घाटाकडे रस्ता कधी चांगला होणार एवढ्याच नजरेनं पाहतो. चारशे वर्षांपूर्वी मात्र हा घाट दोन सत्तांची हद्द होता. मोगलांच्या कागदपत्रांत घाटाखालचा मुलुख पाईनघाट आणि वरचा बालाघाट. खाली बुऱ्हाणपूरला बादशाहचा सुभेदार बसायचा. वर, दौलताबाद-खडकीच्या बाजूला, निजामशाहीचा कारभार एका अशा माणसाच्या हातात होता जो लहानपणी गुलामांच्या बाजारात विकला गेला होता. त्याचं नाव मलिक अंबर.

अंबरबद्दल लिहिताना आपण सगळेच एक वाक्य सहज लिहून जातो, की तो आफ्रिकेतून आशियात आला. वाक्य चूक नाही. पण अंबरला स्वतःला ते कितपत कळलं असतं, याची आम्हाला शंका आहे. त्याच्या काळच्या फारसी तवारिखांत तो हब्शी आहे, म्हणजे हबश मुलखाचा. आफ्रिका नावाचा एक अखंड खंड, त्याची एक रेषा, तिच्या या बाजूला आम्ही आणि त्या बाजूला तुम्ही, ही मांडणी त्या तवारिखांत नाही. अरबी भूगोलात इफ्रीकिया हा शब्द होता, पण तो आजच्या ट्युनिशियाच्या आसपासच्या मुलखापुरता. आशिया हे नावही रोमन लोकांच्या कारभारात तुर्कस्तानच्या पश्चिम टोकाला असलेल्या एका प्रांताचं होतं. एका प्रांताचं नाव पसरत पसरत अर्ध्या दुनियेला लागलं.

अंबरचा जन्म साधारण 1548 चा. मुलुख आजच्या इथिओपियातला, जमात बहुधा ओरोमो. घरचं नाव चापू. तिथं त्या काळी लढाया आणि माणसं पकडून विकण्याचा धंदा जोरात होता. पोरगं पकडलं गेलं की गरिबीमुळं घरच्यांनीच विकलं, यावर दोन तऱ्हेची माहिती मिळते. एवढं पक्कं की ते तांबडा समुद्र ओलांडून यमनच्या मोखा बंदरात पोचलं. हे तेच मोखा, जिथून पुढं कॉफी जगभर गेली.

मुलांच्या शाळेतल्या नकाशात हबश एका रंगात असतो आणि यमन दुसऱ्या. मध्ये बाब-अल-मंदबची सामुद्रधुनी. तिची रुंदी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम तीसेक किलोमीटर, जळगाव-भुसावळपेक्षा थोडी जास्त. दोन खंड वेगळे करणारं पाणी ते एवढंच. आणि या पाण्यानं माणसं कधी वेगळी केलीच नाहीत. हबशच्या अक्सूमच्या राजांनी सहाव्या शतकात समुद्र ओलांडून यमनवर राज्य केलं. हत्ती घेऊन मक्केवर चालून गेलेला अब्रहा त्यांच्याच फौजेतला. मक्केतल्या छळाला कंटाळून पहिले मुसलमान हिजरत करून गेले ते हबशलाच, नज्जाशीच्या आसऱ्याला. हजरत बिलाल (रजि.) हब्शी होते, हे तर आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. अंबर लहान असतानाच, 1550 च्या दशकात, उस्मानी तुर्कांनी तांबड्या समुद्राच्या काठी हबश नावाचा सुभा काढला आणि पुढे अरबस्तानातलं जिद्दा शहरही त्याच सुभ्यात मोडू लागलं. म्हणजे तुर्कांच्या दफ्तरात समुद्राचे दोन्ही काठ एकाच सुभ्यात होते.

मग ही रेषा आली कुठून? जुन्या ग्रीकांनी दुनियेचे तीन तुकडे केले: युरोप, आशिया आणि लिबिया. आशिया आणि लिबियाची हद्द कुणी नाईल नदीवर धरली, कुणी तांबड्या समुद्रावर. नाईलवर धरली तर मिसर देशाचे मधोमध दोन तुकडे पडतात, हा घोळ हेरोडोटसच्या ध्यानात अडीच हजार वर्षांपूर्वीच आला होता आणि त्यानं या वाटणीची थट्टाही केली. पुढं हद्द सुएझच्या जमिनीवर आणून ठेवली; 1869 मध्ये तिथं कालवा खुला झाला तेव्हा तर खोदलेली खूणच मिळाली. आज मिसर एकच देश आहे, पण त्याचं सिनाई आशियात आणि कैरो आफ्रिकेत. युरोप-आशियाचं तर विचारूच नका. उरल डोंगराची रेषा अठराव्या शतकात रशियाच्या तातिश्चेव्ह आणि स्वीडनच्या स्ट्राहलेनबर्ग या दोघांच्या लिखाणातून पक्की झाली, त्याआधी ती दोन नदीवर होती. खंड सात, सहा की पाच, हे अजूनही देशोदेशीच्या शाळेवर अवलंबून आहे.

अंबरच्या काळचा मुसलमान भूगोल वेगळ्या पद्धतीनं चालायचा. तो दुनिया इक्लीमांत मोजायचा. विषुववृत्तापासून उत्तरेकडं आडवे सात पट्टे, ऊन आणि दिवसाची लांबी यांच्यावरून पाडलेले. अल-इदरीसीनं 1154 मध्ये सिसिलीच्या राजासाठी नकाशा केला तो याच सात पट्ट्यांचा, तोही दक्षिण वर आणि उत्तर खाली ठेवून. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीतही शहरांची यादी इक्लीमवार आहे. या हिशेबात हबश, यमन आणि हिंदचा दक्षिण भाग एकाच ओळीत, शेजारी शेजारी येतात. मोखा ते दख्खन हा प्रवास एका खंडातून दुसऱ्या खंडात नव्हता, एकाच पट्ट्यात पूर्वेकडं सरकण्याचा होता.

मोख्याहून पोरगं बगदादला गेलं. तिथं मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्यानं त्याला घेतलं, इस्लामची आणि लिहिण्या-वाचण्याची, हिशेबाची तालीम दिली आणि अंबर हे नाव ठेवलं. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारं महागडं सुगंधी द्रव्य. गुलामांना अशीच नावं द्यायची रीत होती: अंबर, काफूर, याकूत. किमती मालाची नावं किमती मालाला. या नावांचा आपण आज मोठ्या कौतुकानं उच्चार करतो, पण त्यामागचा व्यवहार विसरू नये.

1570 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. चंगेजखान नाव ऐकून मंगोल आठवतो, पण हा स्वतः हब्शी होता आणि तोही गुलामीतून वर आलेला. त्याच्या पदरी असे शेकडो हब्शी होते. राज्य कसं चालतं, फौज कशी सांभाळतात, दरबारात कुणावर भरवसा ठेवायचा नाही, हे अंबर तिथं शिकला. चंगेजखान 1574-75 च्या सुमारास विषप्रयोगात गेला. त्याच्या बेवेनं अंबरला आजाद केलं.

इथं दख्खनच्या राजकारणातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. दख्खनच्या दरबारांत दोन गट होते. एक आफाकी. आफाक म्हणजे क्षितिजं. क्षितिजापलीकडून आलेले ते आफाकी, म्हणजे इराण, तुराण, अरबस्तान इथले परदेशी सरदार. दुसरा गट दख्खनी, म्हणजे इथलेच. आणि हब्शी कुठल्या गटात? दख्खनी गटात. आजच्या नकाशानं पाहिलं तर इराणी माणूस आशियातला, म्हणून आपल्याच खंडाचा. हब्शी दुसऱ्या खंडाचा. पण अहमदनगर-विजापूरच्या लोकांना इराणी परका होता आणि हब्शी घरचा. कारण इराणी सरदाराचे वतनाशी, तिथल्या दरबाराशी धागे शाबूत असायचे. हब्शी गुलामाचे सगळे धागे बाजारात तुटलेले. त्याला परत जायला गाव नव्हतं. तो इथंच लग्न करायचा, दख्खनी बोलायचा, इथंच मरायचा. बाहेरचा कोण आणि इथला कोण, हे त्या काळी माणूस कुठून आला यापेक्षा कुठं राहिला यावर ठरत होतं.

आजाद झाल्यावर अंबर भाडोत्री शिपाईगिरी करत राहिला. काही वर्षं विजापूरच्या चाकरीत काढली. मलिक हा किताब तिथलाच. हाताशी शे-दीडशे घोडेस्वार. 1595 च्या सुमारास तो अहमदनगरकडं परतला, तेव्हा वयाची सत्तेचाळीस वर्षं उलटलेली होती. लोक या वयात आवराआवर करायला लागतात. याची खरी सुरुवात इथून झाली.

1600 च्या ऑगस्टमध्ये चांदबिबीच्या खुनानंतर अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेनं घेतला. त्यानंतर पाच महिन्यांत, जानेवारी 1601 मध्ये, असीरगड पडला आणि खानदेशची फारूकी सल्तनत संपली. निजामशाही गादीवरच्या पोराचं नाव बहादूर आणि खानदेशच्या शेवटच्या सुलतानाचं नावही बहादूर. दोघांचीही रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. अकबरानं खानदेशला शहजादा दानियालच्या नावावरून दानदेश असं नाव दिलं. ते काही लोकांच्या तोंडी बसलं नाही.

फारूकींचा विषय निघाला आहे तर थोडं थांबू. हे घराणं आपल्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरहून सुरू झालं. मलिक राजा फारूकीला 1370 मध्ये फिरोजशाह तुघलककडून थाळनेरची जहागीर मिळाली. तापीकाठी त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत आणि त्यांची अवस्था काय आहे, हे शिरपूर भागातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. फारूकी आपला वंश हजरत उमर फारूक (रजि.) यांच्यापर्यंत नेत. म्हणजे घाटाखाली अरबस्तानशी नातं सांगणारे सुलतान, घाटावर हब्शी सरदार. दोघंही खानदेश-दख्खनच्या मातीत गेले.

अहमदनगर पडलं, राजा कैदेत गेला, तरी निजामशाही संपली असं अंबरनं मानलं नाही. घराण्यातला एक तरुण शोधून परांड्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवला आणि आपली मुलगी त्याला दिली. पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खन पूर्ण घेता आलं नाही त्याचं मुख्य कारण हा एक माणूस.

त्याच्यासमोर बुऱ्हाणपूरला होता अब्दुर्रहीम खानेखाना. तोच रहीम, ज्याचे दोहे आपली मुलं हिंदीच्या पुस्तकात वाचतात. बाप बैरामखान तुर्कमान, आई मेवातची. वर बालाघाटात चापू नावाचा हब्शी, खाली पाईनघाटात तुर्कमान बापाचा, लाहोरात जन्मलेला हिंदी कवी. दोघं लढतही होते आणि अधूनमधून तहही करत होते. मजा अशी की दोघांनी आपापल्या शहरात एकच काम केलं. अंबरनं 1610 च्या सुमारास खडकी गाव निवडून राजधानी वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. रहीमच्या सुभेदारीत बुऱ्हाणपूरला 1615 च्या सुमारास सातपुड्याचं पाणी भुयारी कुंडांतून शहरात खेळवलं, तो कुंडी भंडारा. इराणी कनातीची विद्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना पोचली होती. औरंगाबादच्या जुन्या मोहल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या लोक त्या नहरीचं पाणी प्यायले.

अंबरची लढायची रीत ठरलेली. समोरासमोर मोठी लढाई टाळायची, हलक्या घोडदळानं रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, शत्रूला डोंगरात ओढायचं. हे घोडदळ मुख्यतः मराठ्यांचं. मालोजी भोसले, लखुजी जाधव, पुढं शहाजीराजे या सगळ्यांनी त्याच्या काळात निजामशाहीची चाकरी केली. 1612 मध्ये गुजरातकडून नाशिकमार्गे अब्दुल्लाखानाची मोठी फौज चालून आली. तिला अंबरच्या स्वारांनी इतकं हैराण केलं की ती बागलाणमार्गे, म्हणजे आपल्या साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातून, गुजरातला परत गेली. 1616 मध्ये मात्र काही मराठा सरदार मोगलांना मिळाले, जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली. त्यानं ती पुन्हा बांधली. 1620 मध्ये विजापूर-गोवळकोंड्याला सोबत घेऊन तो घाट उतरला, सगळा खानदेश तुडवत बुऱ्हाणपूरपर्यंत गेला आणि खानेखानाला शहरात कोंडलं. 1621 मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, येईपर्यंत तो वेढा उठला नाही. खुर्रमनं उलट चाल करून पुन्हा खडकीची धूळधाण केली. या येण्या-जाण्यात मधल्या गावांचं काय झालं असेल, हे कोणत्याच बाजूच्या तवारिखेनं नीट लिहून ठेवलेलं नाही. चोपडा, रावेर, एरंडोलच्या शेतकऱ्याला फौज वरून आली काय आणि खालून आली काय, उभं पीक जायचंच.

## नकाशावर उभा बादशाह

जहांगीर बादशाहचा अंबरवर फार राग. आपल्या आत्मचरित्रात तो अंबरचा उल्लेख रंगावरून आणि नशिबावरून शिव्या घातल्याशिवाय सहसा करत नाही. हा राग एका चित्रात उतरला आहे. अबुल हसन या दरबारी चित्रकारानं 1616 च्या सुमारास काढलेलं हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं शिर आणि जहांगीर त्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर कधी त्याच्या हाती लागलाच नाही. पण आमचं लक्ष जातं ते बादशाहच्या पायाखाली. तो पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. गोल युरोपी पद्धतीचा. बैल आणि मासा आपल्याकडच्या जुन्या कहाण्यांतले.

युरोपी नकाशा याच वर्षांत खानदेशातून गेला असं म्हणता येतं. इंग्लंडचा वकील टॉमस रो 1615 मध्ये सुरतेहून निघाला तो नंदुरबारवरून खानदेश ओलांडत बुऱ्हाणपूरला पोचला. सुरत-बुऱ्हाणपूरचा तो हमरस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा जायचा. सप्टेंबर 1617 मध्ये, बादशाहचा मुक्काम मांडूला असताना, रोनं त्याला मर्केटरचा नकाशासंग्रह भेट दिला. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका अशी खंडांची ठळक वाटणी असलेलं ते पुस्तक. काही दिवसांनी बादशाहनं ते परत केलं. दरबारच्या मुल्लांपैकी कुणालाच ते वाचता येत नाही, अशी सबब सांगून. आपण याला अडाणीपणा म्हणून हसतो. आम्हाला वाटतं, त्यात थोडी हुशारीही असावी. सारी दुनिया पायाखाली असलेल्या बादशाहला आपला मुलुख एका पानाच्या कोपऱ्यात पाहायला कसा आवडेल?

त्याच 1617 मध्ये पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी अंबरच्या छावणीत येऊन त्याला भेटून गेला. चापू हे नाव आणि मोख्याच्या बाजाराची हकिकत आपल्याला बरीचशी त्याच्याच लिखाणामुळं माहीत आहे.

अंबर फरिश्ता नव्हता. ज्या मुर्तझाला त्यानं गादीवर बसवलं, त्याच जावयाचा 1610 मध्ये विषानं शेवट झाला आणि त्यामागं अंबरच होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात. महालातल्या भांडणात सुलतानाच्या गोऱ्या इराणी बेगमेनं अंबरच्या मुलीला रंगावरून आणि गुलामीवरून हिणवलं, अशी हकिकत सांगतात. मुलगी रडत बापाकडं आली आणि बापानं हिशेब चुकता केला. म्हणजे दख्खनी म्हणून मान मिळाला तरी टोमणा मारायची वेळ आली की लोकांना चापूच आठवत होता. हे सांगितल्याशिवाय दख्खनच्या उदारपणाची गोष्ट सांगू नये, असं आमचं मत आहे.

कारभाराची त्याची कीर्ती मात्र दुश्मनांनीही मान्य केली. महसुलाची इजारेदारी, म्हणजे गावंच्या गावं बोलीनं ठेकेदाराला देण्याची रीत, त्यानं बंद केली. जमिनीचा कस बघून सारा ठरवला. गावचे पाटील-कुलकर्णी यांना जबाबदारीत घेतलं. मलिक अंबरचा धारा हा शब्द त्याच्यानंतरही कित्येक पिढ्या महसुली कागदांत टिकला.

1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्यानं मोगल आणि विजापूर यांच्या जोडफौजेचा पराभव केला. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. अंबर तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं होता. पुढच्या वर्षी बापाविरुद्ध बंड केलेला शाहजहान त्याच्याच आसऱ्याला आला आणि दोघांच्या फौजांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा घातला. ज्यानं खडकी उद्ध्वस्त केली होती, तोच आता सोबत.

मे 1626 मध्ये मलिक अंबरचा इंतकाल झाला. जहांगीरच्या दरबारातल्या इतिहासकारानं त्या वेळी त्याची जी तारीफ लिहिली, ती वाचून आश्चर्य वाटतं. गुलाम म्हणून आयुष्य सुरू करून इतक्या उंचीवर गेलेला, शेवटपर्यंत इज्जतीनं जगलेला दुसरा हब्शी त्याला आठवत नव्हता.

मुलगा फतेहखान बापासारखा निघाला नाही. त्यानं खडकीला फतेहनगर नाव दिलं आणि 1633 मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. 1653 मध्ये फतेहनगरचं औरंगाबाद झालं. पुढचा नामबदल आपल्या डोळ्यांसमोर झाला. घाटाची हद्द मात्र 1636 पर्यंत पुसली गेली होती, खाली आणि वर एकच बादशाही. खानदेश आता हिंदुस्तानात धरायचा की दख्खनमध्ये, हा जुना घोळही कागदावर मिटला. मोगलांनी तो दख्खनच्या सुभ्यांत धरला. इंग्रजांनी 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. आणि बुऱ्हाणपूर, जे खानदेशची राजधानी होतं, ते मध्य प्रदेशात राहिलं.

अंबरची कबर खुलदाबादला आहे, हजरत जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याजवळ. ती त्यानं हयातीतच बांधून घेतली होती. जवळच त्याची बीवी करीमाबीची कबर आहे. तीही हब्शीच. त्याच खुलदाबादला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. फारूकींनी त्यांच्याच नावानं तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं. अंबरनं आयुष्यभर ज्या शहराला वेढे घातले, त्या शहराच्या नावाचे बुजुर्ग आता त्याचे शेजारी आहेत. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून खानदेशातले लोक खुलदाबादला जियारतीला जातात. तेव्हा मोठ्या दर्ग्यांच्या गर्दीतून थोडं बाजूला गेलं की काळ्या दगडातला हा घुमट लागतो.